दुखणाईत मूल आणि शाळा

शाळा आणि आजार यांचा संबंध बहुतेक घरांत एका कागदापुरता असतो. मुलाला ताप आला, की वडील रजेचा अर्ज लिहितात. चार दिवसांनी ताप उतरतो, मूल पुन्हा वर्गात जाऊन बसते आणि बुडालेला अभ्यास शेजारच्या मुलाच्या वहीवरून उतरवून घेते. आजार म्हणजे गैरहजेरी आणि बरे होणे म्हणजे हजेरी, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु काही दुखणी अशी असतात, की ती चार दिवसांनी काय, चार वर्षांनीही निरोप घेत नाहीत. मधुमेह, दमा, अपस्मार, संधिवाताच्या तापाने दुबळे झालेले हृदय, ही दुखणी मुलाबरोबर सकाळी उठतात, त्याच्याबरोबर शाळेत जातात आणि संध्याकाळी त्याच्याबरोबरच घरी परततात. अशा मुलाच्या वडिलांनी रजेचा अर्ज किती दिवसांचा लिहावा? आणि अर्ज न लिहिता मुलाला शाळेत धाडले, तर सकाळी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत त्याच्या प्रकृतीचा भार कोणी वाहावा?

हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. जोपर्यंत शिक्षण सक्तीचे नव्हते, तोपर्यंत दुखणाईत मूल घरी बसले तरी कोणी त्याची चौकशी करीत नसे. आणि जोपर्यंत वैद्यकशास्त्र दुबळे होते, तोपर्यंत यांपैकी कित्येक मुले शाळेच्या वयाच्या पलीकडे जगतच नसत. सक्तीचे शिक्षण आणि नवे वैद्यक या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा हा प्रश्न शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा इतिहास सुमारे सव्वाशे वर्षांचा आहे. या काळात शाळेने त्याला तीन निरनिराळी उत्तरे दिली. पहिले उत्तर म्हणजे मुलाला दाराबाहेर ठेवणे. दुसरे, त्याच्यासाठी वेगळी शाळा काढणे. आणि तिसरे, त्याला त्याच्या नेहमीच्या बाकावर बसवून त्याच्या औषधोपचाराची सोय शाळेतच करणे. तिसरे उत्तर सर्वांत उशिरा सुचले, आणि ते अद्याप पुरते अंगवळणी पडलेले नाही.

पहिल्या उत्तराची कहाणी न्यूयॉर्क शहरात पाहावयास मिळते. १८९७ साली त्या शहराच्या आरोग्यखात्याने शाळांतील मुले तपासण्यासाठी दीडशे डॉक्टर नेमले. प्रत्येकाने रोज एक तास शाळेत घालवावा आणि महिना तीस डॉलर वेतन घ्यावे, अशी योजना होती. हेतू चांगला होता. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. डॉक्टर येत, मुलांचे डोळे, घसा व त्वचा पाहत, आणि ज्याच्या डोळ्यांत खुपऱ्या, डोक्यात उवा किंवा अंगावर गजकर्ण आढळे, त्याला घरी पाठवीत. घरी पाठविलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते. ही मुले बहुतांशी यूरोपातून नुकत्याच आलेल्या गरीब कुटुंबांतील होती. आईला इंग्रजी वाचता येत नसे, वडील कारखान्यात, आणि हाती दिलेल्या चिठ्ठीचा अर्थ सांगणारे शेजारीपाजारी कोणी नसे. त्यामुळे जो विकार आठ दिवसांच्या मलमपट्टीने बरा झाला असता, तो महिनोन् महिने रेंगाळे आणि मूल रस्त्यावर हिंडत राही. विकार मूळचा किरकोळ, पण उपेक्षेने तो दीर्घ होऊन बसे.

त्याच वस्तीत लिलियन वॉल्ड नावाची एक तरुण परिचारिका १८९३ पासून राहत होती. गरिबांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करावी, या हेतूने तिने आपल्या मैत्रिणीसह एका चाळीच्या पाचव्या मजल्यावर बिऱ्हाड केले होते. पुढे प्रसिद्धीस आलेल्या ‘हेन्री स्ट्रीट’ सेवागृहाचा उगम याच बिऱ्हाडात झाला. तेथे तिला एक बारा वर्षांचा मुलगा भेटला. त्याने जन्मात शाळा पाहिली नव्हती, कारण त्याच्या डोक्यावर इसबाचे चट्टे होते आणि कोणतीही शाळा त्याला घेत नव्हती. त्याच्या आईने दवाखान्याच्या पायऱ्या झिजविल्या होत्या व मलमेही आणली होती. पण ते मलम कसे, किती वेळा आणि किती दिवस लावावयाचे, हे तिला कोणी नीट समजावून दिले नव्हते. वॉल्डबाईंनी उपचार हाती घेतला. चट्टे गेले आणि मुलाला शाळेत प्रवेश मिळाला. शाळा सुरू झाल्यावर दुपारच्या सुट्टीत तो मुलगा पाच जिने धावत चढून वर आला. त्या सकाळी शिकलेल्या दोन-चार सोप्या शब्दांची अक्षरे त्याला बाईंना म्हणून दाखवावयाची होती.

या प्रसंगाची आठवण वॉल्डबाईंनी पुढे १९१५ साली आपल्या पुस्तकात नमूद केली आहे. त्यांनी त्यावरून घेतलेला बोध व्यवहाराचा होता. रोग शोधणारा डॉक्टर शाळेत आला, एवढ्याने भागत नाही. मुलाला पुन्हा वर्गात आणून बसविणारे माणूसही तेथे असले पाहिजे. १९०२ च्या शरद ऋतूत शाळेतून परत पाठविलेल्या मुलांची संख्या फारच वाढली, तेव्हा त्यांनी शहराला एक परिचारिका महिनाभर विनामूल्य देऊ केली. लायना रॉजर्स हे तिचे नाव. १ ऑक्टोबर १९०२ रोजी तिने चार शाळांत काम सुरू केले. या चार शाळांत मिळून सुमारे दहा हजार मुले होती. ती रोज एकेका शाळेत जाई, कोपऱ्यातील एका बाकावर आपले सामान मांडी, मुलांचे डोळे धुई, जखमा बांधी, आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या घरी जाऊन आयांना औषध कसे लावावे ते प्रत्यक्ष करून दाखवी. महिन्याच्या आतच शहराची खात्री पटली आणि आणखी बारा परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती; सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. रोग नाहीसे झाले नव्हते. फक्त त्यांच्यावरील इलाज शाळेच्या आवारात आला होता.

न्यूयॉर्कची ही रीत किरकोळ विकारांना पुरेशी होती. परंतु ज्या मुलांचे दुखणे मलमाने जाण्यासारखे नव्हते, त्यांचे काय? याच सुमारास यूरोपात दुसरे उत्तर आकार घेत होते. १ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे पाइन वृक्षांच्या रानात एक शाळा उघडली. तिला ‘वनशाळा’ असे म्हणत. शिक्षणाधिकारी नॉयफर्ट आणि बालवैद्य बेंडिक्स या दोघांनी मिळून ती काढली होती. रक्तक्षय झालेली, गंडमाळेने वा क्षयाच्या पूर्वचिन्हांनी ग्रासलेली, हृदयाने दुबळी अशी मुले तेथे सकाळी ट्रॅमने येत आणि संध्याकाळी घरी जात. वर्ग लहान होते, पाठ अर्ध्या तासाहूनही कमी वेळाचे, दिवसातून अनेकदा सकस आहार आणि दुपारी उघड्या हवेत आरामखुर्चीवर सक्तीची विश्रांती, असा दिनक्रम असे. ही कल्पना लवकरच पसरली. लंडनमध्ये १९०७ साली बॉस्टल वूड येथे आणि अमेरिकेत १९०८ साली प्रॉव्हिडन्स येथे अशाच शाळा निघाल्या.

वनशाळेने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. दुर्बल मुलाला अभ्यास झेपत नाही, हा समज खोटा ठरला. दिनक्रम शरीराला मानवेल असा आखला, की कमी तासांतही मूल शिकते, हे तेथे दिसून आले. परंतु या उत्तरात एक उणीव होती. मूल शाळेत आले खरे, पण ते आपल्या गल्लीतील सोबत्यांच्या शाळेत आले नाही. इंग्लंडने १८९९ सालीच एक कायदा करून अपस्माराच्या मुलांसाठी खास शाळा काढण्याची मुभा स्थानिक मंडळांना दिली होती. त्या कायद्याच्या नावातच अपस्मारी मुलांचा उल्लेख ‘सदोष’ मुलांच्या शेजारी केलेला होता. फेफऱ्याचा झटका महिन्यातून एखाद्या वेळी काही मिनिटे येई, पण त्यापायी मूल सर्वकाळ निराळे ठरे. पुढे क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे निघाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वनशाळांचे दिवस सरत गेले. दुखणाईत मुलांना निराळे ठेवण्याची सवय मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही.

तिसऱ्या उत्तराकडे जगाला ढकलले ते मुख्यत्वे एका रोगाने आणि त्यावरील एका औषधाने. तो रोग म्हणजे मुलांचा मधुमेह. उतारवयातील मधुमेहाहून हा निराळा असतो. यात मुलाच्या शरीरातील स्वादुपिंड इन्शुलिन हा रस तयार करण्याचेच थांबविते. १९२२ पूर्वी या रोगावर औषध नव्हते. अमेरिकेतील डॉक्टर फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीच्या आहाराने मुलांचे आयुष्य काही महिने किंवा एखाद-दुसरे वर्ष लांबविता येते असे दाखविले होते. रोगाने मरावयाचे नसेल तर भुकेने झिजावयाचे, एवढीच निवड त्या मुलांपुढे होती. शाळेचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवतच नव्हता.

टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांच्या परिश्रमांतून इन्शुलिन हाती आले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तो अर्क अशुद्ध होता, म्हणून उपचार थांबवावा लागला. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा टोचणे सुरू झाले आणि मरणाच्या वाटेवरील मुलाच्या अंगी बळ येऊ लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी टोरोंटोला आली. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह जडला होता. तीन वर्षांच्या उपासांनी तिचे वजन ४५ पौंडांवर, म्हणजे जेमतेम वीस किलोवर, उतरले होते. इन्शुलिन सुरू झाले आणि नोव्हेंबरअखेर ती धडधाकट होऊन घरी परतली. स्वतःची सुई ती स्वतः टोचून घेई. पुढे तिने न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातून १९२९ साली पदवी घेतली, संसार केला आणि १९८१ साली तिचे निधन झाले. तोपर्यंत तिने चाळीस हजारांहून अधिक वेळा सुई टोचून घेतली होती.

या आनंददायक वृत्तांतात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एलिझाबेथने आपला आजार जन्मभर लपविला. अगदी निकटच्या मंडळींखेरीज कोणालाही तिने तो कळू दिला नाही. तिला पैशाची वाण नव्हती आणि जगातील उत्तम डॉक्टर तिच्या दिमतीला होते. तरीही आजारी म्हणून ओळखले जाणे तिला नकोसे वाटले. मग सामान्य घरातील, सामान्य शाळेतील मुलाला ते किती नकोसे वाटत असेल! इन्शुलिनने मुलाला शाळेत परत आणले, पण ते आपले दुखणे दप्तराच्या तळाशी दडवून आले.

लपविलेले दुखणे शाळेत धोक्याचे का ठरते, हे इन्शुलिनच्या स्वभावावरून कळते. इन्शुलिन मधुमेह बरा करीत नाही. ते शरीरात नसलेल्या रसाची भरपाई करते. निरोगी शरीर तो रस अन्नाच्या मानाने कमी-जास्त सोडते. सुईने दिलेल्या औषधाला ते तारतम्य नसते. मुलाने सकाळी सुई घेतली, परंतु घाईत न्याहारी अर्धीच केली, किंवा कवायतीच्या तासाला नेहमीपेक्षा अधिक धावपळ झाली, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. मुलाला घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ते चिडचिड करते, असंबद्ध बोलते किंवा पेंगू लागते. यावर उपाय अगदी सोपा आहे. साखर, गूळ वा गोड सरबत तत्काळ पोटात गेले, की काही मिनिटांत मूल सावरते. पण हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाला ते मूल उर्मट किंवा आळशी वाटते, आणि वर्गात खाऊ नये या नियमावर बोट ठेवून तो त्याच्या हातातील खडीसाखर काढून घेतो. तसे झाल्यास मूल बेशुद्ध पडू शकते. औषध जीव वाचविणारे खरे. पण त्याच्या शेजारी जाणते माणूस नसेल, तर तेच संकटात टाकते.

बॉस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. इन्शुलिन निघण्यापूर्वीच, १९१८ साली, त्यांनी रोग्यांसाठी मधुमेहावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते. या रोगात रोग्याला शिकविणे हा उपचाराला जोडलेला उपक्रम नसून तो उपचाराचाच भाग होय, असे त्यांचे मत होते. मुलांना हे शिक्षण हसतखेळत मिळावे म्हणून अमेरिकेत उन्हाळी शिबिरे निघाली. मिशिगनमध्ये डॉक्टर वेंड्ट यांनी १९२५ साली असे शिबिर भरविले, आणि १९३२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये खास मुलींसाठी शिबिर सुरू झाले. तेथे मुलांनी पोहावे, झाडावर चढावे आणि जेवणापूर्वी रांगेने आपापली सुई घ्यावी, असा क्रम होता. ज्या मुलाने आपल्यासारखे दुसरे मूल कधी पाहिलेच नव्हते, त्याला तेथे आपल्यासारखीच चाळीस-पन्नास मुले दिसत. लपविण्याचे कारणच तेवढ्यापुरते उरत नसे.

मात्र शाळा या शिक्षणापासून दूरच राहिली, आणि याला औषधातील एक सुधारणाच कारण झाली. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी दीर्घकाळ टिकणारे इन्शुलिन शोधून काढले. पूर्वी दिवसातून अनेकदा घ्यावी लागणारी सुई आता कित्येकांना सकाळी एकदाच घेऊन चालू लागली. घरांना हायसे वाटले. आईने सकाळी सुई द्यावी, लघवीची तपासणी घरीच करावी, आणि शाळेला काही सांगू नये, असा प्रघात पडला. शाळेलाही ते सोयीचे होते. हा मूक करार पन्नासएक वर्षे चालला. त्याची किंमत पुढे कळली. सकाळच्या एका सुईने मूल शाळेत जाऊ शके, पण त्याच्या रक्तातील साखर दिवसभर वर-खाली होत राही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी डोळे व मूत्रपिंडे त्याची वसुली देत.

१९९३ साली अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रोग्यांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरासरी साडेसहा वर्षे चाललेल्या या पाहणीत एका गटाला जुन्या पद्धतीने दिवसातून एक-दोन सुया दिल्या. दुसऱ्या गटाला तीन वा अधिक सुया किंवा इन्शुलिनचा पंप देऊन रक्तशर्करा दिवसातून निदान चार वेळा तपासावयास लावली. दुसऱ्या गटात नव्याने डोळ्यांचा विकार जडण्याचे प्रमाण शेकडा ७६ ने घटले. त्याच गटात साखर धोक्याच्या खाली उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. या दोन आकड्यांनी शाळेचा जुना करार मोडला. मुलाचे डोळे वाचवावयाचे, तर दुपारच्या डब्याबरोबर रक्त तपासून सुई घेतली पाहिजे, आणि दुपारची सुई घ्यावयाची, तर ती शाळेतच घेतली पाहिजे. शिवाय साखर उतरण्याचा धोका वाढल्याने शिक्षकाला त्या मुलाचे दुखणे ठाऊक असणे अटळ झाले. जो भार इतकी वर्षे रुग्णालय आणि घर वाहत होते, त्याचा दुपारचा वाटा शाळेच्या पदरी आला.

तेव्हा वाद सुरू झाला, तो मुख्यतः सुई कोणी द्यावी याविषयी. मोठे मूल स्वतःची सुई स्वतः घेते. पण सहा वर्षांच्या मुलाने काय करावे? अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्याने, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने शारीरिक अडचणीच्या कारणावरून कोणाला वगळू नये, असे ठरविले होते. त्याचा आधार घेऊन पालकांनी शाळांकडे मागणी केली. कॅलिफोर्नियात हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परिचारिकांच्या संघटनेचे म्हणणे असे, की इन्शुलिनची मात्रा चुकली तर जीव जातो. म्हणून ती परवानाधारक परिचारिकेनेच दिली पाहिजे. हे म्हणणे स्वार्थाचे म्हणून झिडकारण्यासारखे नव्हते. परंतु दुसरी बाजू अशी, की त्या राज्यात शंभरातील पाचच शाळांत पूर्णवेळ परिचारिका होती आणि सव्वीस शाळांत एकही नव्हती. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असल्यास, शिक्षण दिलेल्या अन्य शालेय कर्मचाऱ्याने सुई देण्यास हरकत नाही, असे त्याने ठरविले. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्यांच्या मदतीची व्यवस्था करणे हे शाळांचे कर्तव्य ठरले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दम्याच्या मुलांसाठी श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाचा जादा पंप शाळेत ठेवण्याची परवानगी मिळाली. वनशाळेच्या स्थापनेनंतर एकशे दहा वर्षांनी हे घडले.

या इतिहासात भारताचे स्थान कोठे आहे? आरंभ पाहिला तर भारत फारसा मागे नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९०९ साली बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील ही पहिलीच होय. सक्ती आधी आणि तपासणी मागोमाग, हा क्रम सहजगत्या आलेला नाही. मुलाने शाळेत आलेच पाहिजे असे जे सरकार म्हणते, त्याला त्या मुलाच्या शरीराकडेही पाहावे लागते. इंग्लंडनेही सक्तीनंतर, १९०७ साली, शाळांतील वैद्यकीय तपासणीचा कायदा केला होता. परंतु बडोद्याचा धडा बाकीच्या देशाने गिरविला नाही. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा शालेय आरोग्याची व्यवस्था देशात जवळजवळ नाहीच, असे तिला लिहावे लागले. १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास या विषयासाठी समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा प्रारंभ झाला. त्यात फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुले तपासतात, आणि तपासावयाच्या विकारांच्या यादीत संधिवाताच्या तापाने झालेला हृदयरोग, दम्यासारखा श्वासाचा विकार आणि आकडीचे विकार हे तिन्ही आहेत.

तपासणी झाली, नाव लिहिले गेले, रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, इतके झाले तरी प्रश्न न्यूयॉर्कच्या १९०१ सालच्या जागीच उभा राहतो. रोग शोधला, मुलाच्या दुपारचे काय? या बाबतीत अलीकडे दोन पावले पडली आहेत. २०१७ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, केळे वा सफरचंदासारखे फळ, थोडा खाऊ आणि पाण्याची लहान बाटली नेण्याची परवानगी दिली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सर्व राज्यांना लिहिले, की अशा मुलांना शाळेत व परीक्षेत रक्तशर्करा तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावे आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे. एका केळ्यासाठी परिपत्रक काढावे लागले, याचे काहींना हसू येईल. परंतु ज्या मुलाने हात कापत असताना उत्तरपत्रिका लिहिली असेल, त्याला त्या परिपत्रकाचे मोल विचारावे.

परिपत्रक वर्गापर्यंत पोचविण्याचे काम मात्र घराला आणि शाळेला मिळूनच करावे लागते, आणि त्याला खर्च फारसा नाही. वर्षारंभी पालकांनी वर्गशिक्षकांना भेटून एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: मुलाचा आजार कोणता, रोजचे औषध कोणते व केव्हा, संकटाची चिन्हे काय, आणि अशा वेळी प्रथम काय करावे व कोणाला कळवावे. मधुमेही मुलाच्या दप्तरात साखर असावी, आणि ती खाण्यास त्याला परवानगी मागावी लागू नये. साखर उतरल्यासारखी वाटली तर त्याला एकट्याने कार्यालयाकडे पाठवू नये. दम्याच्या मुलाचे औषध मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता त्याच्या हाताशी असावे. अपस्माराचा झटका आल्यास कांदा वा चप्पल हुंगविणे, तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, हे सारे सोडून द्यावे. आजूबाजूच्या वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, मुलाला एका कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर विनाविलंब वैद्यकीय मदत बोलवावी. आणि झटका ओसरल्यावर मूल शुद्धीवर येते, तेव्हा भोवती जमलेल्या चाळीस मुलांचे भेदरलेले चेहरे त्याला दिसू नयेत, एवढी काळजी वर्गशिक्षकाने घ्यावी. ती औषधाइतकीच महत्त्वाची असते.

पालकांच्या मनात एक भीती असते, आणि ती निराधार नाही. आजार सांगितला तर शाळा प्रवेश देणार नाही, सहलीला नेणार नाही, मुलीच्या बाबतीत तर पुढे लग्नाच्या वेळी ते आड येईल, असे त्यांना वाटते. म्हणून ते मुलाला गप्प राहावयास शिकवितात. शाळेने सव्वाशे वर्षांत दिलेली पहिली दोन उत्तरे पाहता ही भीती कोठून आली, हे सांगावयास नको. ज्या दाराने एकदा परत पाठविले, त्या दाराशी माणूस जपूनच बोलतो. तेव्हा विश्वासाचे पहिले पाऊल शाळेनेच टाकावयास हवे. तुमच्या मुलाला काही दीर्घ आजार आहे का, हा प्रश्न प्रवेशाच्या अर्जावर विचारण्याऐवजी प्रवेश दिल्यानंतर विचारला, तर त्याचे उत्तर पुष्कळ अधिक खरे मिळेल.

न्यूयॉर्कच्या त्या बारा वर्षांच्या मुलाला बारा वर्षे अडवून धरणारा विकार थोड्या दिवसांच्या नेटक्या उपचाराने गेला. इन्शुलिनवर जगणाऱ्या मुलाचे दुखणे तसे जाणारे नाही; ते त्याला आयुष्यभर सांभाळावयाचे आहे. परंतु दोघांना शाळेकडून हवे असलेले एकच आहे. दुपारची घंटा झाली, की कोणीतरी जाणत्या माणसाने दहा मिनिटे त्याच्यापाशी थांबावे, म्हणजे उरलेला दिवस ते मूल इतरांसारखे शुद्धलेखनाच्या चुका करावयास आणि पाढे म्हणावयास मोकळे होईल.